केसांच्या रोपणासोबत पीआरपी: उपयोग की नुसती झालर?

सुईदोरा: एफयूईच्या (एकेक केस मुळासकट काढून टकलावर बसवण्याच्या) कोटेशनमध्ये हल्ली 'पीआरपी फुकट' असतंच; पीआरपी म्हणजे आपल्याच रक्तातला, प्लेटलेट दाट केलेला प्लाझ्मा टाळूत टोचणं. माझ्या मते ते घ्यावं, पण त्याच दिवशी, रोपं बसवायच्या आधी. एसीडी-ए (रक्त गोठू न देणारं द्रव्य) घातलेल्या ट्यूबमध्ये २० मिली रक्त. सेंट्रिफ्यूजमध्ये (ट्यूब गरगर फिरवणाऱ्या यंत्रात) पहिला फेरा हलका, तांबड्या पेशी खाली बसण्यापुरता; दुसरा जोरात. वरचा पातळ प्लाझ्मा टाकून तळाचा ४ मिली घ्यायचा. ३० गेजच्या सुईने सेंटिमीटर-सेंटिमीटरवर ०.१ मिली. रोपाला सुरुवातीचे २-३ दिवस स्वतःचा रक्तपुरवठा नसतो, तिथे प्लेटलेटमधल्या व्हीईजीएफ, पीडीजीएफ या वाढीला चालना देणाऱ्या प्रथिनांचा आधार मिळतो.

उलटतपासणी: आधार नसतानाही रोपं तगतातच की! टाळूला रक्त भरपूर. रोपं मरतात ती सुकून, चिमट्यात मुळाशी चिरडून नाहीतर तासन्‌तास बाहेर राहून. चाचण्या छोट्या, त्यात प्रत्येकाची पीआरपी करायची रीत वेगळी. बसवल्यावर टोचलं तर दाबाने रोपं उसळून बाहेर येतात, ते वेगळंच.

सुईदोरा: म्हणून तर 'आधी' लिहिलंय. नंतर निदान दहा दिवस तिथे सुई नाही.

तिसरी ट्यूब: यंत्राकडे कोणीच बघत नाहीये. '१५०० आरपीएम (मिनिटाला फेरे), १० मिनिटं' लिहून भागत नाही. रोटरची त्रिज्या १० सेंमी असेल तर ते सुमारे २५० जी (गुरुत्वाकर्षणाच्या २५० पट जोर), १५ सेंमी असेल तर ३७५. पहिला फेरा जास्त झाला की प्लेटलेट तांबड्या थरात जाऊन बसतात आणि सिरिंजमध्ये येतो छान स्वच्छ, पिवळा, निकामी प्लाझ्मा. हिशोब सोपा: रक्तात मायक्रोलिटरला अडीच लाख प्लेटलेट, २० मिलीचे ४ केले म्हणजे पाचपट, गळती धरून चारपट, १० लाख. त्याच रक्तातून १० मिली काढलं तर दुप्पटही मुश्किल. जांभळ्या टोपणाची ईडीटीए ट्यूब दिसली तर सरळ नको म्हणा, त्यात प्लेटलेट फुगून बिघडतात.

उलटतपासणी: मग प्लेटलेटचा काउंट न करणाऱ्याचं 'फुकट' महागच! वर दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात पीआरपीची आणखी सिटिंग विकतात. बसवलेले केस २-४ आठवड्यांत गळतात आणि तिसऱ्या-चौथ्या महिन्यात आपसूक उगवायला लागतात. श्रेय मात्र सुईला.

सुईदोरा: रोपांपुरतं मान्य. आजूबाजूच्या मूळच्या बारीक होत चाललेल्या केसांना त्याच सिटिंगचा फायदा होऊ शकतो, ते यात धरू नका.

तिसरी ट्यूब: दुखल्यावर आयब्युप्रोफेन घेऊन प्लेटलेट गप्प करू नका. पॅरासिटामॉल पुरतं. हृदयासाठी ॲस्पिरिन चालू असेल तर मात्र परस्पर बंद करायची नाही.