उभ्या गाडीत आरपीएम खाली-वर होतो, सॉफ्टवेअर अपडेटने खरंच जातं का?

कडेकपारी:
नमस्कार मंडळी. माझी तीन लिटर, सहा सिलिंडरची टर्बो पेट्रोल एसयूव्ही आहे, ७८ हजार किलोमीटर झालेत. पळताना काहीही तक्रार नाही. पण इंजिन गरम झाल्यावर सिग्नलला 'डी'मध्ये ब्रेक दाबून उभं राहिलं की काटा ६५० वरून ५२० वर येतो, दचकल्यासारखा ७५० ला जातो आणि परत खाली. दर पाच-सहा सेकंदांनी हेच. आतल्या आरशात मागच्या गाडीचे दिवे पुसट दिसतात, इतकी थरथर. एसी लावला की आणखी वाढते. चेक इंजिनचा दिवा मात्र लागलेला नाही.

सर्व्हिस सेंटरवाल्यांनी "ईसीयूचं (इंजिन सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरचं) सॉफ्टवेअर अपडेट केलं" म्हणून गाडी परत दिली. येताना इंजिन इतकं शांत होतं की बंद पडलं की काय म्हणून मी सारखा काट्याकडे बघत होतो. नऊ दिवस छान गेले, दहाव्या दिवशी पुन्हा तेच. आता म्हणतात, नवीन अपडेट आहे, तो टाकू. आईला दर आठवड्याला तपासणीला याच गाडीतून नेतो. ती मागे बसलेली असताना भर चौकात इंजिन बंद पडलं तर, या धास्तीने मी आडवाटेने जायला लागलोय. आयडलिंगचा, म्हणजे उभ्या गाडीत इंजिन चालण्याचा, दोष सॉफ्टवेअरने जाऊ शकतो का? की मला नुसतं झुलवत ठेवलंय?

स्कॅनरवाला:
जाऊ शकतो, पण दोष सॉफ्टवेअरमध्ये असेल तरच. तुमचे ते नऊ दिवस मला खटकतात.

उभ्या गाडीत थ्रॉटल, म्हणजे इंजिनात हवा सोडणारी झडप, जेमतेम उघडा असतो. इंजिन बंद पडू नये म्हणून ईसीयू हवा, इंधन आणि ठिणगीची वेळ सतत जुळवत असतो. एसीचा कॉम्प्रेसर लागला की झटक्यात ओढ वाढते. हवा वाढायला क्षणभर लागतो, म्हणून ईसीयू आधी ठिणगी थोडी लवकर टाकून जोर देतो. हे करताना तो गाडीच्या सवयी शिकतो: थ्रॉटलला किती काजळी आहे, इंधन किती जास्त द्यावं लागतं. प्रोग्रॅमिंग केलं की हे शिकलेलं बहुतेक वेळा पुसलं जातं. गाडी काही दिवस बरी वाटते, मग मूळ दोषाप्रमाणे ईसीयू पुन्हा शिकतो आणि थरथर परत येते.

दोन गोष्टी करा. जॉब कार्डावर आधीचा आणि नंतरचा कॅलिब्रेशन नंबर, म्हणजे ईसीयूतल्या सॉफ्टवेअरच्या आवृत्तीचा नंबर, बघा. तोच असेल तर अपडेट झालेलाच नाही, फक्त शिकलेले आकडे पुसलेत. दुसरं, ईसीयूतले आकडे दाखवणाऱ्या साध्या ओबीडी स्कॅनरवर लाँग टर्म फ्युएल ट्रिम (ईसीयूला ठरल्यापेक्षा किती टक्के इंधन जास्त किंवा कमी द्यावं लागतंय, तो आकडा) वाचा, आधी आयडलला आणि मग गाडी 'पी'मध्ये ठेवून २५०० आरपीएमला. आकडे इथे टाका.

घाटमाथा:
दिवा नाही म्हणून निर्धास्त राहू नका. ट्रिम बरीच वर चढल्याशिवाय पी०१७१ हा, मिश्रणात इंधन कमी पडत असल्याचा, कोड पडत नाही, तोवर गाडी मुकाट्याने सोसत राहते. माझ्या गाडीत थ्रॉटल बॉडीच्या कडेला काजळीची काळी रिंग बसली होती. साफ करून आयडल पुन्हा शिकवला आणि थरथर गेली. तुमच्याकडे तेच असेल असं मात्र नाही.

कडेकपारी:
जॉब कार्ड काढलं. दोन्हीकडे एकच कॅलिब्रेशन नंबर! वाचून हात थंड पडले.

ट्रिम: आयडलला अधिक १४, २५०० ला अधिक ३.

स्कॅनरवाला:
मग कुठून तरी चोरहवा शिरतेय. आयडलला मॅनिफोल्डमध्ये (थ्रॉटलपासून सिलिंडरकडे हवा नेणाऱ्या नळ्यांमध्ये) व्हॅक्युम जोरात असतो, त्यामुळे फटीतून येणारी हवा एकूण हवेच्या मानाने बरीच ठरते. ती एअरफ्लो सेन्सरला दिसत नाही, मिश्रण पातळ होतं आणि ईसीयू इंधन वाढवत बसतो. २५०० ला तेवढीच फट नगण्य होते. सेन्सर कमी मोजत असता तर ट्रिम वरच्या आरपीएमलाही चढलेली दिसली असती. स्मोक टेस्ट करून घ्या. पीसीव्हीचा, म्हणजे इंजिनातल्या वाफा परत इनटेकमध्ये नेणारा, पाइप आधी बघा, तेलाच्या वाफेने आणि उष्णतेने तो कडक होऊन तडकतो.

कडेकपारी:
दुसऱ्या एका मेकॅनिककडे माझ्यासमोर टेस्ट झाली. इनटेकमध्ये धूर सोडला आणि मिनिटभरात इंजिनाच्या मागच्या बाजूने, पीसीव्ही पाइपच्या वळणातून, उदबत्तीसारखी बारीक रेघ वर आली. पाइप काढून वाकवला तर नखाएवढी चीर उघडली. नवा बसवला. आता ट्रिम आयडलला अधिक २.

काट्याचं खाली-वर होणं थांबलं. फक्त एसीचा कॉम्प्रेसर लागताना आरपीएम अजून ५६० पर्यंत बुडतो आणि सावरतो. थ्रॉटल साफ आहे, माउंट (इंजिन ज्यावर बसतं ते आधार) तपासलेत.

स्कॅनरवाला:
आता अपडेटची पाळी आली. यांत्रिक बाजू स्वच्छ आहे आणि एकाच ठरावीक ओढीला बुडी येतेय, म्हणजे त्या क्षणी किती जोर राखून ठेवायचा, या गणिताचा संशय घ्यायला जागा आहे. तुमच्या इंजिनासाठी निघालेल्या सर्व्हिस बुलेटिनमध्ये (कंपनीने वर्कशॉपना दिलेल्या दुरुस्तीच्या सूचनेत) हेच लक्षण दिलंय का, ते लेखी विचारा. असेल तर करून घ्या. फ्लॅश करताना, म्हणजे नवं सॉफ्टवेअर टाकताना, बॅटरीला बाहेरून स्थिर सप्लाय लावलाच पाहिजे. मध्येच व्होल्टेज पडलं तर ईसीयू निकामी होऊ शकतो. झाल्यावर नवा नंबर कार्डावर लिहून घ्या.

कडेकपारी:
बुलेटिनमध्ये नेमकं हेच होतं: गरम इंजिन, 'डी'मध्ये उभी गाडी, कॉम्प्रेसर लागताना आरपीएम पडणे. या वेळी मी शेजारी उभा राहिलो. सप्लाय लावला होता आणि कॅलिब्रेशन नंबर खरोखर बदलला.

आज बावीस दिवस झाले. कॉम्प्रेसर लागला की काटा ६३० ला टेकतो आणि लगेच परत येतो. काल आईला नेताना मुद्दाम मोठ्या चौकातून गेलो. सिग्नल लांबला होता, एसी चालू होता. आरशात मागच्या गाडीचे दिवे स्पष्ट दिसत होते आणि आई झोपली होती.