आमदाराला पत्र लिहिणं हा रिकामटेकड्यांचा उद्योग? (एका पोस्टला उत्तर)

घोडबंदरकर:
परवा इथे एकाने लिहिलं की आमदार-खासदारांना पत्रं लिहिणं हा रिटायर्ड लोकांचा टाइमपास, पत्र थेट रद्दीत जातं, काम हवं असेल तर शाखेत जा नि कार्यकर्ता पकडा. खाली अंगठ्यांची ही रांग! डोकं फिरलं, म्हणून जरा लांबण लावतोय.

गटार तुंबलं तर जा शाखेत, कोण अडवतंय. पण एखाद्या विधेयकावर आमदार काय भूमिका घेणार, हे कार्यकर्ता सांगणार आहे का? त्यालाच वरून कळतं. जनसुरक्षा विधेयक (कडव्या डाव्या संघटनांच्या बेकायदा कारवायांविरुद्धचं) 2024 मध्ये आलं, पुढे दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीकडे गेलं, तिथे 12 हजारांहून जास्त सूचना-हरकती पोचल्या. मसुदा बदलावा लागला.

आणि पत्र धड लिहा हो. "आपण जनतेचे कैवारी" अशी पानभर आरती नको. एक विषय, एक सरळ प्रश्न, वर आपला मतदारसंघ. दुसऱ्या प्रतीवर शिक्क्यानिशी पोच घ्या. अधिवेशनाच्या बरंच आधी द्या, सभागृहात प्रश्न लावायला वेळ लागतो. आदल्या दिवशी व्हॉट्सॅप करून वर "उत्तर नाही आलं" म्हणून रडायचं नाही.

शाखेतला:
तो 'एकाने' म्हणजे मी. नाव घेतलं असतंत तरी चाललं असतं.

मसुदा बदलला म्हणे! शब्द इकडचे तिकडे झाले आणि जुलै 2025 ला विधेयक मंजूर. हरकती गेल्या कुठे?

आमचा अनुभव ऐका. सोसायटीने रस्त्याबद्दल लेटरहेडवर रीतसर निवेदन दिलं. उत्तर आलं, "योग्य त्या कार्यवाहीसाठी संबंधित विभागाकडे पाठवले आहे." संबंधित विभागाने आम्हालाच विचारलं, आपलं म्हणणं लेखी द्या! शेवटी गणपतीत साहेब आरतीला आले, तेव्हा हातात ताट असतानाच कानात सांगितलं. त्याच आठवड्यात रोलर दारात.

नेरूळची काकू:
आरतीला तुमच्याकडे येतात, नशीब काढलंत. आमच्याकडे नुसते बॅनर येतात. बारशापासून तेराव्यापर्यंत चौकाचौकात तेच चेहरे, सिग्नल दिसत नाही!

आणि लिहायचं होतं कुणाला? नवी मुंबई पालिकेची मुदत मे 2020 मध्ये संपली, पुढे पाच वर्षांहून जास्त काळ नुसता प्रशासक. त्याला कुठे मतं मागायची होती?

तरी सांगते, आमच्या नेरूळच्या डीपीएस तलावाजवळ 2024 मध्ये फ्लेमिंगो मेले तेव्हा लोकांनी मंत्र्यांपर्यंत लिहिलं, मानवी साखळी केली. 2025 ला तलाव संवर्धन राखीव करायचा निर्णय झाला. पक्ष्यांना शाखा नव्हती.

वाशी सेक्टर 17:
काकू, साखळी केली म्हणून झालं. सरकारला रस्त्यावरची माणसं दिसतात, टपाल नाही. पहिलीपासून हिंदी लावायच्या निर्णयाचं काय झालं? 16 एप्रिल 2025 चा जीआर, मग 17 जूनचा. 5 जुलैचा मोर्चा जाहीर झाला आणि 29 जूनला दोन्ही मागे. विषय संपला.

घोडबंदरकर:
मोर्चा निघालाच नाही, साहेब. 5 जुलैला वरळीला झाला तो विजयी मेळावा. आणि त्याआधी शिक्षक, पालक, लेखक लिहून लिहून थकले ते हिशेबात नाही का?

वाशी सेक्टर 17:
निघाला नाही कारण आधीच घाबरले! यालाच ताकद म्हणतात. तुमच्या पोच घेतलेल्या कागदाला कोण घाबरलं?

मराठी शाळेची आई:
थांबा जरा. पहिलीतल्या मुलीची आई म्हणून बोलते. 17 जूनच्या जीआरमध्ये हिंदीऐवजी वेगळी भाषा हवी तर ती मागणारी वर्गात किमान 20 मुलं हवीत, ही अट होती. आमच्या वर्गात मुळात तेवढी मुलं कुठे आहेत? हा मुद्दा मी आमदारांच्या कार्यालयात लेखी दिला. तिथल्या मुलाने जीआर वाचलाच नव्हता, माझ्याकडून झेरॉक्स मागून घेतली. घोषणा द्यायला वाशीकर येतील, पण अट वाचणार कोण?

वाशी सेक्टर 17:
म्हणजे आम्ही अडाणी. बरं. रस्त्यावर उतरणाऱ्यांना घरबसल्या शिकवणं सोपं असतं, ताई.

मराठी शाळेची आई:
घरबसल्या? दोन बस बदलून गेले होते, मुलीला कडेवर घेऊन. आणि अडाणी हा शब्द तुमचा, माझा नाही.

खारघरवाला:
तुम्ही भांडा. आमचा लोकसभा मतदारसंघ मावळ. खारघर आणि पिंपरी-चिंचवड एकाच खासदाराकडे, मध्ये अख्खा बोरघाट. पत्र लिहू की एक्सप्रेसवेचा टोल भरू?

घोडबंदरकर:
लिहा. टोलपेक्षा टपालाचं तिकीट स्वस्त.

शाखेतला:
हसलो, मान्य. झेरॉक्सवाल्या ताईंचा मुद्दाही मान्य, विधेयक-जीआर आमच्या शाखेत कुणी वाचत नाही. चला घोडबंदरकर, पुढच्या अधिवेशनाआधी मसुदा तुम्ही करा, पोच मी आणतो. पण कागद मी स्वतः साहेबांच्या हातात देणार. टपालात टाकायचा नाही, आधीच सांगतो.

वाशी सेक्टर 17:
झालं! अखेर शाखेतूनच गेला ना कागद?