वीसच्या नोटेवरचं बेट: अंदमानातला तुमचा स्वस्तातला दिवस सांगा

पायपीट_प्रेमी
काल जुन्या पर्समध्ये लाल वीसची नोट सापडली. वेरूळवाली नवी नव्हे, तिच्या आधीची. मागे नारळाची झाडं, समुद्र, लांबवर दीपगृह. ते चित्र पोर्ट ब्लेअरजवळच्या नॉर्थ बेचं आहे हे मला तिथल्याच बस कंडक्टरने सुटे देताना सांगितलं होतं. झालं, सगळी सहल डोळ्यापुढे आली.

सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात झकास दिवस नीलवरचा, म्हणजे आताचं शहीद द्वीप. फिनिक्स बे जेट्टीवरून सकाळची सरकारी बोट. एसी क्रूझच्या मानाने तिकीट अगदीच किरकोळ. शेजारी रिकाम्या पोत्यांचा ढीग, कारण नीलची भाजी पोर्ट ब्लेअरला जाते आणि पोती परत येतात. उतरल्यावर भाड्याची सायकल घेतली. बेट एवढंसं, रस्ता बहुतेक सपाट, दोन्हीकडे भाताची शेतं आणि सुपारी. गावांची नावं भरतपूर, लक्ष्मणपूर, सीतापूर, रामनगर! फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आलेल्या कुटुंबांना इथे जमिनी दिल्या होत्या. त्यामुळे जेवायला भात, डाळ, माशाचा झोल (पातळ रस्सा), आणि मावशी न विचारता परत भात वाढतात.

तो खडकाचा नैसर्गिक पूल ओहोटीलाच बघायचा. बंगाली मंडळी त्याला हावडा ब्रिज म्हणतात. पाणी हटलं की खडकांतल्या डबक्यांत खेकडे, समुद्रकाकड्या, चिमुकले निळे मासे. फुकट मत्स्यालय! मी तिथेच दोन तास उकिडवी बसून होते, बाकीचे किनारे धावत उरकले.

तुम्हीही लिहा. पॅकेजवाल्यांनीही लिहा, पण जरा लाजत लाजत 😄

मीठभाकर
लाजत लिहितो, पॅकेजवाला. क्रूझ बंद काचेची, वर डेकवर सोडत नाहीत, निम्मी बोट पिशव्या तोंडाशी धरून. सरकारी बोटीचं तिकीट मिळतं कसं पण?

पायपीट_प्रेमी
@मीठभाकर आधी जाऊन रांग लावायची, ओळखपत्र बरोबर ठेवायचं. स्थानिकांची गर्दी असते, त्यांची ती रोजची एसटी आहे. जागा मिळाली नाही तर कुरकुर करायची नाही.

सुपारीची_खांडं
आमचं हॅवलॉक बेट. जेट्टीवरून राधानगरला साधी बस जाते, रिक्षावाले सांगत नाहीत. सात नंबर बीच म्हणायचं, लगेच कळतं. 2004 मध्ये टाइम मासिकाने आशियातला सर्वोत्तम म्हटला होता, ते अजून सगळे ऐकवतात. खरंच आहे म्हणा. वाळू पिठीसारखी आणि मागे एवढाली झाडं, सावलीत आडवं व्हायचे पैसे नाहीत. मगरीची पाटी मात्र वाचा, गंमत म्हणून लावलेली नाही. आणि हिवाळ्यात सव्वापाचला सूर्य जातो हो! घड्याळ मुंबईचं, सूर्य ब्रह्मदेशाशेजारचा. साडेपाचला मिट्ट अंधार, परतीची बस गेलेली. नारळाच्या टेम्पोत बसून आलो, नवरा अजून त्या टेम्पोबद्दल बोलतो, बीचबद्दल नाही.

ओटीवरून
नारळाच्या टेम्पोत 😂😂

ओटीवरून
आमच्या सासूबाईंनी दिवसभर शंख-प्रवाळ वेचले, देवघरासाठी. विमानतळावर सगळे काढून ठेवायला लावले. मेलेलं प्रवाळसुद्धा नेता येत नाही, वन्यजीव कायदा आहे. सासूबाई त्या माणसाला म्हणाल्या, "मग तूच पूजा कर बाबा." तो बिचारा हसला, पण सोडलं काही नाही.

गजाआड_नव्हे
स्वस्तातला दिवस म्हणजे आमचा पोर्ट ब्लेअर (आता श्री विजयपुरम). सकाळी चॅथमची लाकूड गिरणी, 1883 पासूनची. बाबा सुतारकाम करायचे, पडौकाचे लालभडक ओंडके बघून हलेचनात. दुपारी सेल्युलर जेल. बंदचा दिवस बघून जा. सात शाखांतल्या तीनच उरल्यात. सावरकरांच्या कोठडीत सगळे फोटो काढतात. बाबा शेजारच्या रिकाम्या कोठडीत गेले, म्हणाले ह्यात कोण होतं ते कोण सांगणार. मग बराच वेळ कोणी बोललं नाही. संध्याकाळी अबर्डीन बाजारात डोसा.

मीठभाकर
^ बाबांना नमस्कार सांगा.

गजाआड_नव्हे
सांगते. पडौकाचं लाटणं आणलंय, कोणाला हात लावू देत नाहीत.

नवीन_सभासद_07
ती जुनी नोट चालते का अजून? माझ्याकडे पण आहेत

सुपारीची_खांडं
चालते की. लाखाला विकत घेतो म्हणणाऱ्यांना फक्त फोन करू नका.

ओटीवरून
@पायपीट झोलात मोहरी वाटून होती की जिऱ्याचा पातळ? आणि मासा कुठला?

पायपीट_प्रेमी
जिऱ्याचा, बटाट्याच्या लांब फोडी घालून. मासा विचारला होता, त्यांनी बंगालीत सांगितलं, मी मान डोलावली.

नवीन_सभासद_07
डिसेंबरात जातोय, बरोबर पाच वर्षांची मुलगी. सरकारी बोट झेपेल? बस लागते तिला

गजाआड_नव्हे
बोटीच्या मधोमध बसवा, हलकं खायला द्या, क्षितिजाकडे बघायला सांगा. गोळी डॉक्टरांना विचारूनच. आणि जास्तीचा फ्रॉक पिशवीत वरच ठेवा, तळाशी नको. कुकरच्या तीन झाल्या, पळते.