कावागोए बघितलंय का? तुमचा अनुभव लिहा

मागच्या महिन्यात कावागोएला जाऊन आलो, अजून डोक्यातून जात नाहीये. टोकियोजवळ सायतामामधलं जुनं व्यापारी गाव, लाडाने कोएदो म्हणजे छोटं एदो म्हणतात (एदो हे टोकियोचं जुनं नाव). इकेबुकुरोहून तोबू तोजो लाइनची फास्ट ट्रेन पकडली की साधारण अर्ध्या तासात पोचतो. जाऊन आलेल्यांनी लिहा, काय बघितलं, काय खाल्लं.

माझ्यापासून सुरुवात. मला वाटलेलं लाकडी घरं असतील, पण मेन रस्त्यावर दोन्ही बाजूंना काळ्या कुळकुळीत जाड भिंतींची दुकानं, वर भलंमोठं कौलारू छप्पर आणि वरच्या खिडक्यांना तिजोरीसारखी दारं! ह्याला कुरा म्हणतात, म्हणजे खरंतर कोठार. १८९३ च्या आगीत गावाचा तिसरा हिस्सा जळाला, तेव्हा अशी कोठारासारखी बांधलेली घरं टिकली, त्यातलं १७९२ चं ओसावा घर अजून उभं आहे, मी आत जाऊन आलो. मग व्यापाऱ्यांनी दुकानंही तशीच बांधली. एदोला होड्यांनी माल जायचा त्यामुळे हातात पैसा होता. हे कळल्यावर मी परत मागे जाऊन एकेक भिंत नीट बघितली.

---

दादा, रताळं राहिलं की! आपल्याकडे रताळं म्हणजे एकादशीचा कीस नाहीतर उकडून, तिथे आइस्क्रीम, लांबलचक चिप्स, सगळं रताळ्याचं. मला सगळ्यात आवडलं ते गरम वाफवलेलं मांजू, चिकट पारीत रताळ्याचा जाड काप आणि अझुकीचं म्हणजे लाल चवळीसारख्या कडधान्याचं गोड पुरण, दोन खाल्ले आणि चार बांधून घेतले. दुकानावर "तेरा री" लिहिलेलं दिसलं, री हे जुनं अंतराचं माप. एदोपासून कावागोए साधारण तेरा री. आणि कुरी म्हणजे चेस्टनट पण आणि नऊ री पण, योरी म्हणजे "पेक्षा" पण आणि चार री पण. नऊ अधिक चार तेरा, म्हणजे रताळं चेस्टनटपेक्षा चविष्ट, म्हणून ते तेरा री! समजल्यावर इतकी खूश झाले मी.

---

आम्ही शाकाहारी, सोबत सासूबाई. एका ठिकाणी मासे नकोत सांगूनही उदोनच्या (जाड नूडल्सच्या) सूपमध्ये माशाचं दाशी म्हणजे सूपचं मूळ पाणी निघालं, सासूबाई उपाशी उठल्या, फार वाईट वाटलं. तेव्हा दाशीचं वेगळं विचारा. नंतर काशिया योकोचो या खाऊच्या दुकानांच्या गल्लीत काळ्या साखरेचं हाताएवढं लांब फुगाशी (गव्हाच्या ग्लूटेनचा हलका कुरकुरीत खाऊ) घेतलं, ते मात्र त्यांनी आवडीने खाल्लं.

---

मी मालवणचा, मासे खाणाऱ्यांनी उनागी सोडू नका. कोळशावर भाजलेली वाम, वर गोडसर सोया सॉस, खाली गरम भात. महाग आहे, रांगही असते, पण खा.

---

किताइन देवळाबद्दल कोणीच लिहिलं नाही? तिथे ५३८ दगडी राकान म्हणजे बुद्धाच्या शिष्यांच्या मूर्ती आहेत, कोणी हसतोय, कोणी दुसऱ्याच्या कानात काहीतरी सांगतोय, मी तासभर तिथेच. आणि १६३८ मध्ये हे देऊळ जळालं तेव्हा तेव्हाचा लष्करी सत्ताधीश शोगुन इएमित्सुने एदोच्या किल्ल्यातल्या खोल्या उचलून इथे आणून दिल्या, त्या आपल्याला आत जाऊन बघता येतात. एदोच्या किल्ल्यातले ते जुने महाल आता नाहीत, खोल्या इथे आहेत.

आणि संध्याकाळी लगेच परत फिरू नका. पाचनंतर दुकानं मिटायला लागतात, गर्दी ओसरते, सहाला तोकी नो काने या घंटेच्या मनोऱ्याची घंटा वाजते. तो मनोराही १८९३ च्या आगीत जळालेला, गावाने लगेच परत बांधला. मी खाली उभी राहून सगळे टोल ऐकले.