मदत हवी आहे: १९४८ च्या ‘रेडिओ आदेशां’च्या मूळ नोंदी कुठे मिळतील?

१९४८ मध्ये, इस्रायलच्या स्थापनेच्या वेळच्या युद्धात, सुमारे ७ लाख पॅलेस्टिनी विस्थापित झाले. ‘अरब नेत्यांनीच रेडिओवरून गावं सोडायला सांगितलं’ हा दावा मूळ कागदांवरून तपासायचा आहे. आयरिश पत्रकार एर्स्किन चिल्डर्स यांनी १९६१ मध्ये बीबीसीच्या प्रसारण-नोंदी (इतर देशांचे रेडिओ ऐकून बीबीसीने केलेल्या नोंदी) पाहून असा आदेश नसल्याचं लिहिलं. गावागणिक कारण वेगळं, म्हणून सरसकट उत्तर नको: हैफा शहरात ज्यू महापौर शब्ताई लेव्ही अरबांना थांबायची विनवणी करत होते, तर जुलैत लिद्दा या अरब गावातून लोकांना हाकलण्याच्या हुकमावर तेव्हाचे इस्रायली लष्करी अधिकारी (पुढे पंतप्रधान) यित्झाक राबिन यांची सही आहे.

या विषयावरचे इस्रायली इतिहासकार बेनी मॉरिस वाचून झालेत, पण तळटिपांपुढे जाता येत नाही. अरबी-हिब्रू येत नाही, इंग्रजी भाषांतर चालेल.

एप्रिल ते जुलै १९४८ च्या त्या बीबीसी नोंदी भारतातल्या कोणत्या ग्रंथालयात किंवा ऑनलाइन पाहता येतील?