मालदीवच्या रिसॉर्टमधली किचनची नोकरी: एजंट म्हणतो, आधी टुरिस्ट म्हणून जा

तवा_कढई विचारतात:
नमस्कार मंडळी. हॉटेल मॅनेजमेंटची पदविका आणि कॉन्टिनेंटल किचनचा अनुभव आहे. मालदीवमधल्या एका रिसॉर्टची डेमी शेफची (किचनमधला कनिष्ठ शेफ) ऑफर एजंटमार्फत आली आहे. बेसिक डॉलरमध्ये, वर सर्व्हिस चार्ज (पाहुण्यांच्या बिलावर लावलेल्या आकाराचा वाटा), राहणं-जेवण रिसॉर्टचं. एजंट ७० हजार रुपये मागतोय. शिवाय म्हणतो, आत्ता टुरिस्ट म्हणून जा, कामाचं परमिट तिकडे गेल्यावर होईल. हे चालतं का? सर्व्हिस चार्ज किती धरावा? करारात काय बघावं?

भरतीओहोटी:
टुरिस्ट म्हणून अजिबात जाऊ नका. भारतीय पर्यटकाला तिथे आगाऊ व्हिसा लागत नाही, आणि नेमका याच सोयीचा एजंट गैरफायदा घेतात. पर्यटकाच्या शिक्क्यावर काम करणं बेकायदा आहे. पकडले गेलात तर परत पाठवतात, आणि पगार बुडाला तरी दाद मागायला हातात कागद नसतो.

खरा क्रम असा: रिसॉर्टकडे परदेशी कामगारांचा कोटा, म्हणजे मंजूर संख्या असते. त्यातून ते तुमच्या नावाने एम्प्लॉयमेंट अप्रूव्हल, म्हणजे तुम्हाला कामावर ठेवायची सरकारी मंजुरी काढतात, ते हातात आलं की मगच विमान. तिथे उतरल्यावर पंधरा दिवसांत मेडिकल, विमा आणि परमिट-व्हिसाचे सोपस्कार.

अप्रूव्हलची प्रत आली की चार गोष्टी बोट ठेवून वाचा: पासपोर्ट नंबर, नावाचं स्पेलिंग, पद आणि मालकाचं नाव. सगळ्यात जास्त घोळ शेवटच्या दोनांत होतो. ऑफर रिसॉर्टची, पण अप्रूव्हल भलत्याच कंपनीच्या नावावर आणि पद 'लेबरर'. रिसॉर्टचा कोटा संपला की दुसऱ्याचा कोटा वापरून माणूस आणतात, म्हणून असं होतं. परमिट त्या मालकाशीच बांधलेलं असतं. त्यामुळे खिशात परमिटचं कार्ड असूनही रिसॉर्टमध्ये उभे राहिलात की तुम्ही बेकायदा ठरता. नंतर दुरुस्त करू म्हणाले तर ऐकू नका. नवीन अप्रूव्हल मागा.

परमिटची दरमहा ३५० रुफियांची (रुफिया म्हणजे मालदीवचं चलन) फी मालकाने भरायची असते, ती तुमच्या पगारातून कापायची नाही. मेडिकलमध्ये क्षय, एचआयव्ही, हिपॅटायटिस बी वगैरे बघतात. नापास झालात तर परमिट मिळत नाही, म्हणून सध्याच्या नोकरीचा राजीनामा देण्याआधी या तपासण्या इथेच करून घ्या.

कोटा_पावती:
एजंटच्या पैशांबद्दल. भारतीय नियमांनुसार नोंदणीकृत भरती एजंट उमेदवाराकडून जास्तीत जास्त ३० हजार रुपये अधिक १८ टक्के जीएसटी घेऊ शकतो, म्हणजे ३५,४०० रुपये. ७० हजार हा सरळसरळ नियमभंग. ई-मायग्रेट या भारत सरकारच्या संकेतस्थळावर त्याचा परवाना क्रमांक टाकून बघा, परवाना चालू आहे की मुदत संपली तेही दिसतं. काही देशांत नोकरीला जाताना भारत सरकारची आधी मंजुरी (एमिग्रेशन क्लिअरन्स) लागते, त्यांना ईसीआर देश म्हणतात. मालदीव त्या यादीत नाही, म्हणून ती लागत नाही. त्यावरून एजंटलाही परवाना नको असा समज पसरवला जातो, तो चुकीचा आहे. तक्रार करायची तर मुंबईत प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्सचं (परदेशी नोकरीला जाणाऱ्यांसाठीचा सरकारी अधिकारी) कार्यालय आहे. रोख देऊ नका, बँकेतून द्या आणि पावती घ्या. पावती नसेल तर तक्रारीत काहीच उरत नाही.

प्रवाळ:
सर्व्हिस चार्जवर सगळा पगार उभा असतो, म्हणून तो नीट समजून घ्या. मालदीवमध्ये पर्यटन व्यवसायाला किमान १० टक्के सर्व्हिस चार्ज लावावा लागतो आणि त्यातला ९९ टक्के कर्मचाऱ्यांत समान वाटावा लागतो. समान म्हणजे हुद्द्याप्रमाणे नाही. त्यामुळे तुमचा वाटा दोन आकड्यांवर ठरतो: रिसॉर्टची कमाई किती आणि वाटेकरी किती. महागडं रिसॉर्ट असलं तरी एका व्हिलामागे माणसं फार असतील तर हातात कमीच येतं.

एचआरला 'सरासरी किती' असं विचारू नका, सरासरी फुगवून सांगतात. मागच्या बारा महिन्यांचे आकडे महिन्यानुसार मागा. डिसेंबर ते एप्रिल हंगाम असतो, मे ते ऑक्टोबर पावसाळी वाऱ्यांचे दिवस, तेव्हा आकडा खाली येतो. घरी पाठवायची रक्कम आणि कर्जाचे हप्ते सगळ्यात पडक्या महिन्यावर बेता. रिसॉर्ट नवं उघडत असेल तर पहिले काही महिने बेसिकवरच काढायची तयारी ठेवा.

करारात पगाराचं चलन लिहून घ्या. 'डॉलर किंवा त्या किमतीचे रुफिया' असं वाक्य असेल तर थांबा. अधिकृत दर डॉलरला साधारण १५.४२ रुफिया, पण बँकेत त्या दराने हवे तेवढे डॉलर मिळत नाहीत. मग बाहेरून चढ्या भावाने घ्यावे लागतात आणि पगारातला एक तुकडा तिथेच जातो.

बाकी तिथल्या कायद्याने आठवड्याला ४८ तास, जादा कामाला सव्वापट, सुट्टीच्या दिवशी दीडपट, वर्ष पूर्ण झाल्यावर ३० दिवस भरपगारी रजा. प्रोबेशन तीन महिन्यांपेक्षा जास्त नको. परतीचं तिकीट कोण देणार, तेही लेखी हवं. आणि पासपोर्ट एचआरच्या कपाटात नाही, तुमच्याजवळ.

हिशेबी_गलबत:
निघण्याची तारीख बघा. नोकरीसाठी परदेशी जाणारा भारतीय त्या आर्थिक वर्षात १८२ दिवस किंवा जास्त भारतात राहिला तर तो निवासी, आणि तिकडचा पगारही इथे करपात्र. सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्याआधी निघालात, मधे रजेवर येऊन दिवस वाढले नाहीत, तर त्या वर्षी अनिवासी. तिथला आयकर महिना ६० हजार रुफियांच्या वर लागतो, डेमी शेफला तो प्रश्न येत नाही. जाण्याआधी एनआरई खातं (अनिवासी भारतीयांचं, परदेशी कमाई ठेवायचं बँक खातं) उघडायची तयारी करा.

सामानाचंही ऐका: दारू, डुकराचं मांस आणि पूजेच्या मूर्ती नेता येत नाहीत. नेहमीची औषधं मूळ पाकिटात, डॉक्टरच्या चिठ्ठीसह.

तवा_कढई:
खूप आभार. अप्रूव्हल मागितलं तर एजंट म्हणतो, जॉइनिंगनंतर दाखवू.

भरतीओहोटी:
मग एजंटला बाजूला ठेवून रिसॉर्टच्या एचआरला थेट मेल करा. पत्ता एजंटकडून घेऊ नका, रिसॉर्टच्या संकेतस्थळावरून घ्या. ऑफर लेटर जोडा आणि दोनच गोष्टी विचारा: हे पत्र तुमचंच का, आणि माझ्या पासपोर्ट नंबरवर अप्रूव्हलचा अर्ज केला आहे का. उत्तर येईपर्यंत एक रुपयाही देऊ नका.