'ड्रॅग क्वीन'ला मराठीत काय म्हणायचं? वेषांतर, सोंग, नाच्या, स्त्रीपार्ट… की नुसतं ड्रॅग?

मी इंग्रजी मालिकांची मराठी सबटायटल्स करते, सात वर्षं झाली. मध्यंतरी एका मालिकेत एक पात्र आईला सांगतं की मी ड्रॅग क्वीन आहे (म्हणजे बाईच्या भडक थाटात नटून स्टेजवर कार्यक्रम करणारा कलाकार, बहुतेकदा पुरुष), नोकरीबिकरी सोडली, आता हेच करतो. मी सरळ लिहिलं "मी ड्रॅग क्वीन आहे". फाइल तपासून परत आली तर तिथे होतं "मी बाईचं वेषांतर करतो", आणि दोन भाग पुढे त्याच माणसाला त्याचे मित्र प्रेमाने हाक मारतात तिथे चक्क "हिजडा". मी भांडले. एका जागी ऐकलं, दुसऱ्या जागी "लोकांना कळायला पाहिजे ना" म्हणून "तृतीयपंथी" करून टाकलं. म्हणजे एकाच माणसासाठी त्यांनी तीन शब्द काढले आणि तिन्ही चुकीचे, तेव्हापासून हा विषय डोक्यातून जात नाहीये म्हणून इथे मांडते, लांबण लागेल पण वाचा.

आधी वेषांतर. वेषांतर कशासाठी करतात? लपायला. बहिर्जी नाईक करायचे ते वेषांतर, पोलीस साध्या कपड्यात येतात तेही एक प्रकारे तेच. समोरच्याला कळलं की वेषांतर फसलं. आपल्या करमणुकीत पुरुषाने साडी नेसायची बहुतेक उदाहरणं याच खात्यातली आहेत. 'अशी ही बनवाबनवी' (१९८८) घ्या, भाड्याने खोली हवी म्हणून सुधीरची सुधा आणि परशुरामची पार्वती होते. अत्र्यांची 'मोरूची मावशी' तीच जातकुळी, मूळ नाटक लंडनचं, १८९२ चं, आणि विजय चव्हाणांनी ती मावशी अशी काही केली की आमच्या घरात अजून लग्नाच्या हळदीला कोणीतरी काका पदर खोचून नाचतोच. ही दोन्ही मला आवडतात, इथे कोणालाही नावं ठेवायची नाहीत. पण त्यातली गंमत कुठून येते बघा. "हा माझा बायको पार्वती" या एका वाक्यावर पस्तीसेक वर्षं महाराष्ट्र हसतोय आणि ते हसू निव्वळ व्याकरणाचं आहे, लिंग चुकलं म्हणून आहे, कारण मराठीत विशेषणापासून क्रियापदापर्यंत सगळं लिंगाप्रमाणे बदलतं. म्हणजे गंमत पकडले जाण्याच्या भीतीत आहे. ड्रॅगमध्ये पकडलं जायचा प्रश्नच नाही, तिकीट काढून आलेल्या प्रत्येकाला माहितीय की हा पुरुष आहे. लपवायला काही नसेल तर ते वेषांतर कसलं?

आता शब्द मुळात आला कुठून. व्हॉट्सॅपवर फिरतं ना की शेक्सपिअर नाटकाच्या कागदावर समासात 'मुलीच्या वेशात' याची इंग्रजी आद्याक्षरं लिहायचा आणि त्यातून ड्रॅग झालं, ते खोटं आहे, असे आद्याक्षरवाले खुलासे बहुतेक वेळा मागाहून जोडलेले असतात. जास्त पटणारं म्हणजे ड्रॅग म्हणजे ओढणं, फरफटणं, लांब घेराचा झगा स्टेजवर जमिनीवरून ओढला जायचा त्यावरून नाटकवाल्यांच्या बोलीत आलेला शब्द. छापील पुरावा १८७० चा लंडनचा आहे, त्या वर्षी बोल्टन आणि पार्क नावाच्या दोन तरुणांना बायकी पोशाखात थिएटरबाहेर पकडलं, स्टेला आणि फॅनी या नावांनी ते फिरायचे, पुढच्या वर्षी खटल्यातून सुटले. आणि 'क्वीन'ची गोष्ट तर मला फारच लागली. १८८८ साली अमेरिकेत वॉशिंग्टनमध्ये पोलिसांनी अशाच एका नाचाच्या कार्यक्रमावर धाड घातली, त्यात पकडलेल्यांमध्ये विल्यम डॉर्सी स्वॉन होता, गुलामगिरीत जन्मलेला काळा माणूस, त्याच्या मंडळीत त्याला क्वीन म्हणायचे. पुढे १८९६ मध्ये त्याने शिक्षा माफ व्हावी म्हणून थेट राष्ट्राध्यक्षांकडे अर्ज केला, तो फेटाळला गेला. या शब्दामागे पोलीस, तुरुंग, वर्तमानपत्रातली बदनामी असं सगळं आहे आणि तरी त्या लोकांनी तो टाकला नाही, मिरवला. म्हणून त्याच्या जागी भलताच शब्द ठेवला की मला राग येतो.

'तृतीयपंथी' का नाही, तर तो शब्द माणसाच्या असण्याबद्दल आहे, आणि ड्रॅग हे काहीतरी करण्याबद्दल. पारलिंगी (ट्रान्स) बाई, म्हणजे जन्मतः मुलगा ठरवलेली पण बाई असलेली, घरी, बँकेत, भाजी घेताना बाईच असते. ड्रॅग क्वीन विग काढून, तोंड धुवून जेवायला बसते तेव्हा बहुतेक वेळा तो कोणीतरी दादा असतो. काही पारलिंगी माणसंही ड्रॅग करतात, ते वेगळं. पडद्यावर हा गोंधळ जुना आहे, बायकी पोशाखातला पुरुष दिसला की एक तर खदखदून हसायचं नाहीतर घाबरायचं, मधलं काही नाहीच. खुनी, दलाल, विकृत, नाहीतर विनोदी पाहुणा. थोडा सुधारित प्रकार म्हणजे नायिकेला मेकप करून देणारी, शहाणपणाचं एक वाक्य टाकून निघून जाणारी क्वीन, तिला स्वतःचं घर नाही, पोट नाही, रात्री किती वाजता झोपते कोणी विचारत नाही.

२००९ ला अमेरिकेत रूपॉल या ड्रॅग क्वीनची ड्रॅगची स्पर्धा टीव्हीवर सुरू झाली तेव्हा पहिल्यांदा लाखो लोकांना यातलं काम दिसलं. भुवया गोंदाच्या कांडीने चप्प बसवून, त्यावर पावडर दाबून, दोन बोटं वर नवी भुवई काढायची. हे एकदा जवळून बघितलं की 'बाईचे कपडे घालतो' हे वाक्य लिहिताना हात अडखळतो.

प्रतिसाद: ताई, पटलं, पण मग सोंग का नको? अस्सल मराठी शब्द आहे, सोंग घेणं, सोंग वठवणं, बोहाड्यात, म्हणजे मुखवट्यांच्या उत्सवात, सोंगं नाचतात. आणि तमाशात तर हे सगळं आपल्याकडे आधीपासूनच होतं की. नाच्या म्हणा सरळ.

दादा, सोंग मलाही आवडतो हो, पण रोजच्या बोलण्यात तो खोटेपणाकडे सरकलाय. सगळी सोंगं आणता येतात पैशाचं आणता येत नाही, झोपेचं सोंग, आजारपणाचं सोंग. बोहाड्यातला अर्थ नाशिककडच्या लोकांना लगेच कळेल, बाकीच्यांना "ढोंग करतो" असंच ऐकू येईल. आणि नाच्या… हा शब्द एके काळी कामाचा होता. फडात बायका यायच्या आधी नाच्या पोऱ्याच नाचायचा, गवळणीतली मावशी तर आजही पुरुषच करतो. पण सिनेमाने त्याचं काय केलं बघा. गणपत पाटलांनी नाच्या इतका पक्का केला की लोक पडद्याबाहेरही त्यांना तसंच समजायला लागले आणि त्याचा ताप घरच्यांना झाला, माणूस चांगला संसारी होता. 'नटरंग' (२०१०) मध्ये अतुल कुलकर्णींनी हेच दुखणं मांडलं, पैलवान गडी कलेपायी नाच्या होतो आणि त्याची जी काही दशा होते. सिनेमा बघून रडलेली माणसं दुसऱ्या दिवशी शाळेत एखाद्या हळव्या पोराला "ए नाच्या" म्हणतातच. ज्या शब्दाने पोरं मार खातात तो मी कोणाच्या कलेला लावणार नाही, बास.

प्रतिसाद: आणि स्त्रीपार्ट? बालगंधर्व म्हणजे आपली ड्रॅग क्वीनच ना?

इथे मला जरा थांबून लिहायचंय कारण हे माझ्या घरातलं आहे. माझे मामा कुडाळकडे दशावतारात स्त्रीपार्ट करायचे. लहानपणी जत्रेला गेलं की पालखी फिरून नाटक उभं राहीपर्यंत मध्यरात्र व्हायची, आणि मी देवळाच्या मागच्या पडवीत त्यांच्या पेटाऱ्याशेजारी बसून असायची. दाढी दोनदा घोटून करायचे, एकदा सुलट एकदा उलट. मग सफेदा, तो मानेपर्यंत नाही तर कानाच्या मागेपर्यंत, कारण बत्तीच्या उजेडात कान काळे दिसतात म्हणायचे. काजळ, कुंकू, गंगावन. साडी कोणाच्या मदतीशिवाय नेसायचे आणि निऱ्या माझ्या आईपेक्षा सारख्या यायच्या. शेवटी बांगड्या, आणि बांगड्या चढल्या की बोलणं बंद. लिहिलेली संवादवही नसतेच दशावतारात, कथानक सांगितलेलं असतं बाकी सगळं उभ्याउभ्या, त्यामुळे ती पाच मिनिटं ते गप्प बसायचे. एकदा मी विचारलं मामा तुम्ही बाई होता तेव्हा लाज नाही वाटत? तर म्हणाले, "मियां बायलेचो पार्ट करतंय गो, बायलेची मस्करी नाय." नंतर बाहेर गेले आणि तारामती रडली तेव्हा माझी आजी, त्यांची सख्खी आई, पदराने डोळे पुसत होती.

तर स्त्रीपार्ट हा इतका मोठा शब्द आहे, आणि 'पार्ट' इंग्रजी असूनही कोणाला खटकत नाही हे लक्षात घ्या. दादासाहेब फाळक्यांच्या १९१३ च्या चित्रपटात तारामती केली ती अण्णा साळुंके या हॉटेलात काम करणाऱ्या माणसाने, आणि १९१७ च्या 'लंकादहन'मध्ये राम आणि सीता दोन्ही त्यांनीच. बालगंधर्वांबद्दल तर काय बोलायचं, १९११ ला 'मानापमान'च्या पहिल्या प्रयोगाच्या दिवशी मुलगी गेली आणि तरी ते भामिनी म्हणून उभे राहिले, बायका त्यांच्यासारखं नेसायला शिकल्या. आणि मराठी कसं बोलते बघा, आपण म्हणतो "बालगंधर्वांची सिंधू". नट आदरार्थी, भूमिका स्त्रीलिंगी, दोन्ही एका वाक्यात सुखाने नांदतात, कोणी हसत नाही.

पण तरी बालगंधर्व ड्रॅग क्वीन नव्हेत असं मला वाटतं. स्त्रीपार्ट आला कारण बाईला रंगभूमीवर मज्जाव होता, आणि तिथे नटाने भूमिकेत विरघळायचं असतं, सिंधू दिसली पाहिजे, नारायणराव (म्हणजे खुद्द बालगंधर्व) दिसता कामा नयेत. ड्रॅग क्वीन उलट करते, कुठल्या नाटकातलं पात्र नसतं, नाव तिने स्वतः ठेवलेलं, भुवई मुद्दाम कपाळावर, केस मुद्दाम हातभर उंच. मी हे घडवलंय हे तिला दाखवायचंच असतं. बनवाबनवीत बाकीच्या पात्रांना माहीत नसतं, दशावतारात सगळ्यांना माहीत असतं आणि सगळे विसरतात, ड्रॅगमध्ये सगळ्यांना माहीत असतं आणि कोणी विसरायचं नसतं. माझ्या मते इतका फरक असेल तर शब्द वेगळाच हवा, आणि पार्ट जसा रुळला तसा ड्रॅग रुळेल. "ड्रॅग करतो", "ड्रॅगमध्ये आहे". हे आत्ताच मुंबईत ड्रॅग करणारी मराठी पोरं असंच बोलतात.

प्रतिसाद: सबटायटलमध्ये तो लिहायचं की ती? आणि ते शेड, रीड वगैरेचं काय करता?

ड्रॅगमध्ये असेल तर ती, उतरवलं की तो, जोपर्यंत ते पात्र स्वतः वेगळं सांगत नाही तोपर्यंत. इंग्रजीत "आय ॲम टायर्ड" म्हणून सुटता येतं, मराठीत "दमले" की "दमलो" हे ठरवावंच लागतं, आणि मला तर तो फायदा वाटतो. एका प्रसंगात विग अर्धा निघालेला असताना पात्र बोलतं, तिथे मी पहिलं वाक्य "आले" आणि दुसरं "थकलो" असं केलं, ते मात्र कोणी बदललं नाही, फार बरं वाटलं.

रीड आणि शेड हे न्यूयॉर्कच्या काळ्या आणि लॅटिनो पोरांच्या बॉलमधले, म्हणजे नटूनथटून उतरायच्या नाचाच्या स्पर्धांमधले, शब्द. रीड म्हणजे समोरच्याचं एकेक उणं हुडकून तोंडावर काढायचं. एकाने "ती मला वाचते" असं भाषांतर केलेलं बघितलंय मी! मी "बिनपाण्याने केली" लिहिते, नेमकं बसतं. शेड म्हणजे तू कुरूप आहेस असं म्हणायचंच नाही पण तुला ते कळेल असं वागायचं, त्याला आपल्याकडे लेकी बोले सुने लागे इतकं जवळचं दुसरं काही नाही, फक्त ओळ लांब होते म्हणून कधी कधी "टोमणा" वर भागवावं लागतं आणि तेवढं मनाला लागतं.

प्रतिसाद: ड्रॅगराणी कसा वाटतो?

वाईट नाही! गाण्यात चालेल, पोस्टरवर तर छानच दिसेल. आईला सांगतानाच्या त्या वाक्यात मात्र नको, तिथे मुलगा मस्करी करतोय असं वाटेल.

आता मला एक हवंय. विदर्भातल्या लोकांनी सांगा, खडी गंमत आणि दंडार या तिकडच्या लोकनाट्यांत जो पुरुष बाईचं काम करतो त्याला मंडळीत आपसात काय म्हणतात, प्रेक्षक म्हणतात ते नको, फडातली माणसं एकमेकांना काय म्हणतात तो शब्द हवा. आणि गोव्यातल्यांनी तिथल्या कालो, तियात्र या नाट्यप्रकारांतलं सांगा. मामांच्या मंडळीत "आज बायल कोण?" असं विचारायचे आणि ज्याचा पार्ट असेल तो हात वर करायचा.